मेंढपाळ कोणी निवडावा?



मागच्या वर्षी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामाचा जमाखर्च वाचून दाखवला, तेव्हा चर्चमध्ये मोजून एकोणीस माणसे उरली होती. त्यांतल्या एका मावशींनी विचारले, "फादर, छपराचा खर्च ठरल्यापेक्षा एवढा कसा वाढला?" आम्ही "नंतर बघू" म्हणालो आणि पुढचा विषय घेतला. मावशी गप्प बसल्या. त्यांचा प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. धर्मगुरूला महागुरू पाठवतात, लोक निवडत नाहीत. मग त्याने लोकांना हिशेब का द्यावा?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला एका लहानशा ख्रिस्ती पंथाची आठवण झाली. रोमानियातील ट्रान्सिल्व्हेनिया या भागात हंगेरियन भाषा बोलणारे युनिटेरियन लोक राहतात. त्यांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास आहे. देव एकच आहे असे ते मानतात, पण पवित्र त्रैक्य आणि प्रभू येशूचे देवत्व मानत नाहीत. हा फरक लहान नाही. आपल्या श्रद्धेचा गाभाच तेथे वेगळा होतो, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

पण त्यांचा कारभार पाहण्यासारखा आहे. गावातील मंडळीची सभा भरते आणि आपला धर्मसेवक मतदानाने निवडते. मंडळीच्या कारभारात धर्मसेवकाच्या बरोबरीने एक निवडून आलेला प्रापंचिक कारभारी असतो. पैसा, इमारत, जमीन हे सारे निवडलेल्या समितीपुढे येते. हीच जोडी वरपर्यंत दिसते. त्यांचा महागुरू धर्मसभेने निवडलेला असतो आणि त्याच्या जोडीलाही प्रापंचिक प्रमुख असतात.

या पद्धतीचे मूळ जुने आहे. जानेवारी 1568 मध्ये तोर्दा या गावी तेथील लोकप्रतिनिधींची सभा भरली होती. श्रद्धा हे देवाचे दान आहे, म्हणून ती कोणावर लादता येत नाही, असे त्या सभेने ठरवले. उपदेशकाने आपल्या समजुतीप्रमाणे शुभवर्तमान सांगावे. लोकांना ते पटले तर ठीक, न पटले तर कोणी सक्ती करू नये आणि मंडळीने आपल्याला पटणारा उपदेशक ठेवावा. त्या काळी युरोपात धर्मावरून माणसे जाळली जात होती. हे लक्षात घेतले म्हणजे या ठरावाचे मोल कळते. अर्थात त्यालाही मर्यादा होत्या. त्याच भूमीतील ऑर्थडॉक्स ख्रिस्ती लोकांना हा मान मिळाला नाही.

आपल्या देशातही युनिटेरियन आहेत. मेघालयातील जोवाई येथे 18 सप्टेंबर 1887 रोजी हाजोम किसोर सिंग या खासी तरुणाने मोजक्या सोबत्यांसह पहिली उपासना केली. तेथे कोणी दीक्षित धर्मगुरू नव्हता. जे जमले, त्यांनीच मंडळी उभी केली आणि सांभाळली.

म्हणजे निवडणूक घेतली की सारे प्रश्न सुटतात का? तसे नाही. ट्रान्सिल्व्हेनियातील युनिटेरियनांचा पहिला नेता फेरेन्त्स दाविद हा एके काळी कॅथलिक धर्मगुरू होता. तोर्दाच्या ठरावानंतर चारच वर्षांनी, 1572 मध्ये, धर्मात आणखी नवे काही आणू नये असा कायदा झाला. दाविदचे विचार मात्र पुढे जात राहिले. 1579 मध्ये त्याच्यावर खटला चालला आणि त्याच वर्षी देवा येथील किल्ल्यात, कैदेतच तो मरण पावला. त्याच्याविरुद्ध तक्रार करणारा त्याचा जुना सहकारी होता. ज्याच्या राज्यात त्याला शिक्षा झाली तो राजा कॅथलिक होता. ही गोष्ट सांगताना आपल्यालाही मान खाली घालावी लागते.

यातून आम्ही एवढे शिकलो. लोकांनी निवडलेल्या धर्मसेवकाला एक मोह असतो, लोकांना आवडेल तेवढेच बोलण्याचा. वरून पाठवलेल्या धर्मगुरूला दुसरा मोह असतो, लोकांचे न ऐकण्याचा. पहिला मोह आम्हाला फारसा नाही. दुसरा मात्र रोजचा आहे.

अधिकार कोठून येतो आणि त्याचा हिशेब कोणाला द्यायचा, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. येशू हा देवाचा पुत्र आहे की नाही, हे हात वर करून ठरत नाही. सत्य बहुमताने बदलत नाही. पण पत्रे कोणते घ्यावेत, दानाचे पैसे कोठे गेले, आजाऱ्यांना भेटायला कोण जाते, या गोष्टी साऱ्या कुटुंबाच्या आहेत.

आपल्या ख्रिस्तसभेला हे नवे नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात विधवांच्या वाटपाची तक्रार येते. तेव्हा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. सात माणसे निवडा, असे मंडळीला सांगितले. मंडळीने निवडले आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवले. इ.स. 374 मध्ये मिलानच्या लोकांनी अँब्रोज यांच्या नावाचा घोष केला, तेव्हा त्यांचा स्नानसंस्कारही झालेला नव्हता. ते पुढे महागुरू आणि संत झाले. 1983 च्या धर्मसंहितेप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. ख्रिस्तसभेच्या भल्यासाठी आपले मत धर्मगुरूंना सांगणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, कधी कधी कर्तव्यही आहे, असेही तीच संहिता सांगते. 2021 ते 2024 या काळात झालेल्या सिनडनेही अशा समित्या कागदावर न राहता चालत्या राहाव्यात असा आग्रह धरला.

आता छपराविषयी. जाड पत्र्यांची ऑर्डर आम्ही अर्थसमितीला न विचारता दिली होती. पावसाळा तोंडावर होता हे खरे, पण एक फोन करण्याइतका वेळ आमच्याजवळ होता. मावशींचा प्रश्न योग्य होता. आम्ही तो टाळला, ही आमची चूक झाली.

येत्या जमाखर्चाच्या सभेत छपराची सगळी बिले टेबलावर ठेवलेली असतील. मिस्सा संपल्यावर घाईने घरी जाऊ नका. आम्हाला तुम्ही निवडले नाही, पण तुमच्याकरताच आम्हाला पाठवले आहे. मेंढरे मेंढपाळाचा आवाज ओळखतात. मेंढपाळालाही त्यांचा आवाज ओळखू आला पाहिजे. त्यासाठी ती बोलली पाहिजेत, आणि त्याने थांबून ऐकले पाहिजे.

प्रभू आपल्या धर्मग्रामाला आशीर्वाद देवो.

तुमचे धर्मगुरू