लक्ष आणि लक्ष्य

मंदिराच्या बालसंस्कार वर्गात मुलांना जी कथा हमखास सांगितली जाते, ती द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची. आचार्यांनी कारागिरांकडून एक कृत्रिम भास पक्षी करवून घेतला, तो वृक्षाच्या शेंड्यावर ठेवविला आणि एकेका शिष्यास धनुष्य सज्ज करून उभे राहावयास सांगितले. प्रथम युधिष्ठिराची पाळी आली. ‘काय दिसते?’ या प्रश्नास त्याने वृक्ष दिसतो, आपण दिसता, बंधू दिसतात आणि पक्षीही दिसतो, असे सरळ उत्तर दिले. आचार्यांनी त्याला बाजूस सारले. इतर शिष्यांचीही तीच गत झाली. अखेर अर्जुन उभा राहिला. त्याला वृक्ष दिसत नव्हता, आचार्य दिसत नव्हते, एवढेच काय, पक्ष्याचे शरीरही दिसत नव्हते. लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत त्याला पक्ष्याचा डोळा दिसतो. मूळ आदिपर्वात त्याला मस्तक दिसते. भेद अल्प आहे, तात्पर्य एकच.

ही कथा आम्हीही अनेकदा सांगितली आहे. तथापि गेल्या चातुर्मासात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून ती पूर्वीच्या निःशंकपणे सांगणे आम्हांस जड जाऊ लागले. सायंकाळी सभामंडपात विष्णुसहस्रनामाचे सामुदायिक पठण चालले होते. पुढल्या रांगेत नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याचे चित्त म्हणून ठिकाणावर नव्हते. कधी समईकडे पाहावे, कधी दाराशी काढून ठेवलेल्या चपलांकडे, कधी मागे वळून मंडळींच्या तोंडाकडे! आम्ही दोनदा डोळे वटारून त्याला दटावले आणि पुन्हा नेत्र मिटून पठणात मग्न झालो. त्या दिवशी पठणात गोडीही मोठी लागली होती. पठण संपून डोळे उघडतो तो एका खांबाशी चार माणसे जमलेली, एक वृद्ध बाई भिंतीला टेकून बसलेल्या आणि कोणी त्यांना पदराने वारा घालीत आहे. त्यांना घेरी आली होती. ते प्रथम कोणी पाहिले? त्याच मुलाने. तोच उठला, त्यानेच तांब्याभर पाणी आणले आणि त्यानेच बाहेर ओट्यावर बसलेल्या त्यांच्या चिरंजीवांस हाक मारली. त्या बाई आमच्यापासून चार हातांवर होत्या आणि आम्हांस त्याचा पत्ताही नव्हता.

क्षणभर आम्हांस आमच्या तल्लीनतेचे कौतुक वाटले, हे कबूल करावयास हवे. दुसऱ्याच क्षणी लाज वाटली. आमच्याकडून सेवा घडली की उपेक्षा? एकाग्रता हा जर सद्गुण, तर तिच्या योगाने आम्ही त्या मुलाहून अधिक चांगले ठरावयास हवे होते. पण तसे घडले नाही. मग एकाग्रता हा सद्गुण आहे तरी कितपत? की ते केवळ एक सामर्थ्य आहे, जे सज्जनाच्या हाती जसे असते तसेच दुर्जनाच्याही हाती असते?

या प्रश्नाचा विचार करताना प्रथम धनुर्विद्येकडेच वळणे उचित होय. कारण दृष्टान्त तिचा आहे. आमच्या इंदूरच्या पश्चिमेस झाबुआच्या बाजूला भिल्ल लोकांचा तिरकमठा आजही पाहावयास मिळतो. त्याचा दांडा बांबूचा असतो आणि दोरीही पुष्कळदा बांबूच्याच चिवट कामटीची असते. अशा साध्या धनुष्यास नेम धरण्यासाठी कोणतेही उपकरण नसते. मानवी नेत्राचा धर्म असा की, जवळचे बाणाचे टोक आणि दूरचे लक्ष्य ही दोन्ही एकाच वेळी त्याला स्पष्ट दिसत नाहीत. म्हणून पारंपरिक धनुर्धर दृष्टी लक्ष्यावर ठेवतो. बाण त्याच्या नजरेच्या कडेला अंधुकसा असतो. बाण वाटेत खाली येत जातो, म्हणून अंतर वाढेल तसा तो वर धरावा लागतो. हा हिशेब मनात मांडून होत नाही. हजारो वेळा दोरी ओढून तो हातात उतरलेला असतो. बाण सुटताच सरळ जातो, हाही आपला समज खरा नाही. तो प्रथम किंचित वाकतो, लवत लवत दांड्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. ताठरपणाने येथे काम भागत नाही.

आजच्या स्पर्धांत हेच कसब मापून पाहिले जाते. ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असते. त्याच्या चक्राचा व्यास १२२ सेंटीमीटर, आणि पूर्ण १० गुण देणारे मधले वर्तुळ अवघे १२.२ सेंटीमीटरचे. २०२३ साली बर्लिन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे विश्वविजेते झाले, याचा आपणां सर्वांस अभिमान वाटतो.

परंतु या विद्येत एक व्याधीही आहे आणि ती आमच्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. धनुर्धर तिला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. आपण तिला लक्ष्यज्वर म्हणू. ती नवशिक्यालाच होते असे नाही, मुरलेल्यालाही होते. नेम लक्ष्यावर येताक्षणीच, अथवा तो येण्यापूर्वीच, बोटे आपोआप सुटतात; किंवा उलट हात मध्येच गोठतो आणि काही केल्या मध्यबिंदूपर्यंत पोहोचत नाही. दृष्टी लक्ष्यावर खिळलेली असते, इच्छाही उत्कट असते. पण माणूस लक्ष्याचा स्वामी न राहता दास झालेला असतो. यावरील उपाय मोठा मननीय आहे. दोरी ओढावी, नेम धरावा, आणि बाण न सोडता दोरी सावकाश परत न्यावी. असे पुनःपुन्हा करावे. उत्तम शिक्षक निरोगी शिष्यासही हेच शिकवितात: नेम बरोबर साधला नाही असे वाटले, तर बाण मुळीच सोडू नकोस, धनुष्य उतरव. म्हणजे ज्याला बाण परत घेता येतो, त्यालाच तो सोडण्याचा अधिकार.

ही कसोटी हाती धरून महाभारत पुन्हा वाचले, तेव्हा आम्हांस असे आढळले की पक्ष्याची परीक्षा ही शेवटची नव्हेच. तिच्यामागोमाग आदिपर्वात दुसरी कथा येते. ती मात्र आपण मुलांना क्वचितच सांगतो. आचार्य गंगेत स्नानास उतरले असता एका ग्राहाने त्यांची पोटरी धरली. स्वतः सुटण्यास समर्थ असूनही त्यांनी शिष्यांस हाक दिली. इतर शिष्य भांबावून जागच्या जागी उभे राहिले. अर्जुनाने तत्काळ पाच बाणांनी तो ग्राह मारला. थोड्याच काळापूर्वी ज्याला आचार्य ‘दिसत नव्हते’, त्यालाच आचार्यांचे संकट सर्वांआधी दिसले! यावरून त्याची एकाग्रता कोणत्या जातीची होती हे कळते. ती एका ठिकाणी बसून गंजलेली नव्हती. उचलून दुसरीकडे नेता येत होती. पक्ष्यापुरते जग त्याने दृष्टीआड केले होते, मनातून काढून टाकले नव्हते. आम्ही त्या सायंकाळी पहिल्या परीक्षेस बसलो होतो. दुसरी परीक्षा आली आहे, हे आम्हांस कळलेच नाही.

या प्रसंगानंतर प्रसन्न होऊन आचार्यांनी अर्जुनास ब्रह्मशिर अस्त्र दिले आणि मनुष्यावर त्याचा प्रयोग करू नकोस असे बजावले. पुढे पुत्राच्या हट्टास्तव ते अश्वत्थाम्यासही मिळाले. एकाच गुरूचे हे दोन शिष्य. एकाग्रता दोघांनाही साधलेली. अश्वत्थाम्याचीही एक वृक्षाखालची कथा आहे. युद्धाच्या अखेरच्या रात्री वटवृक्षाखाली कृपाचार्य आणि कृतवर्मा झोपी गेले. तो मात्र जागा होता. एक घुबड येऊन निजलेल्या कावळ्यांचा संहार करू लागले आणि त्याची दृष्टी तेथेच खिळली. कृपाचार्यांनी विनविले की, झोप घे, सकाळी वडीलधाऱ्यांचा सल्ला घेऊ. त्याच्या कानी काही शिरले नाही. पितृवधाचा सूड हे एकच लक्ष्य त्याला दिसत होते. वृक्ष नाही, मामा नाही, धर्म नाही. पक्ष्याच्या मस्तकावर दृष्टी ठेवणाऱ्या अर्जुनाचे चित्त आणि घुबडावर दृष्टी ठेवणाऱ्या अश्वत्थाम्याचे चित्त, ही दोन्ही त्या त्या क्षणी सारखीच स्थिर होती. यावरून केवळ स्थिरता म्हणजे पुण्य नव्हे, एवढे तरी निश्चित ठरते.

भेद उघड झाला तो शेवटी. निजलेल्यांची कत्तल झाल्यावर दोघांनीही ब्रह्मशिर अस्त्र सोडले. नारद आणि व्यास मध्ये उभे राहिले. त्यांच्या सांगण्यावरून अर्जुनाने आपले अस्त्र परत घेतले. अश्वत्थाम्यास ते घेता आले नाही. ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर गेले आणि उत्तरेच्या उदरातील बालक श्रीकृष्णाच्या कृपेनेच जगले. सोडणे दोघांसही येत होते. आवरणे एकालाच येत होते. धनुर्विद्येची खरी परीक्षा ही होय.

यावर कोणी म्हणेल, मग युधिष्ठिराचेच बरे नव्हे काय? त्याला सर्व काही दिसत होते. या मताकडे आमचाही ओढा आहे. त्या मुलाचा आणि युधिष्ठिराचा स्वभाव आम्हांस एकाच कुळीचा वाटतो. परंतु हाच युधिष्ठिर द्यूताच्या पटावर बसला, तेव्हा फाशांवाचून त्याला काय दिसले? परीक्षेच्या दिवशी ज्या बंधूंवरून त्याची दृष्टी ढळत नव्हती, त्याच बंधूंना त्याने एकेक करून पणाला लावले आणि शेवटी द्रौपदीलाही. ज्याने चित्त गोळा करण्याचा अभ्यास केलेला नाही, त्याचे चित्त कोणीतरी दुसराच गोळा करून नेतो. आजच्या काळात हातातील मोबाईलच्या पडद्यावर तासन्‌तास खिळलेली आपली दृष्टी पाहिली, म्हणजे द्यूतपटाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. तीही एक प्रकारची एकाग्रताच. पण बाण आपला नव्हे आणि नेमही आपला नव्हे.

दुसरा आक्षेप भागवतावरून घेतला जाईल. एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंत एक बाण करणारा आहे. तो आपल्या कामात असा गढला होता की, जवळून राजाची स्वारी वाद्ये वाजवीत गेली तरी त्याला कळले नाही. त्याच स्कंधावर नाथांनी टीका लिहून ती १५७३ साली काशीत पूर्ण केली. त्यामुळे हा गुरू मराठी घरांना परका नाही. मग त्याने न पाहणे हा गुण आणि आम्ही न पाहणे हा दोष, असे कसे? आम्हांस वाटते, त्याच्या दृष्टीतून काय सुटले हे पाहावे. सुटला तो डामडौल, सुटली ती मिरवणूक. राजाला त्याच्या पाहण्याची गरज नव्हती. खांबाशी कोसळणाऱ्या बाईंना आमच्या पाहण्याची गरज होती. जे न पाहिल्याने कोणाचे काही अडत नाही, ते न पाहणे वैराग्य. जे न पाहिल्याने कोणी तहानलेला राहतो, ते न पाहणे प्रमाद.

‘प्रमाद’ हा शब्द आम्ही जाणून योजिला आहे. मुंडकोपनिषदात धनुष्याचे जे प्रसिद्ध रूपक आहे, त्यात प्रणव हे धनुष्य, आत्मा हा बाण आणि ब्रह्म हे लक्ष्य सांगितले आहे. आणि वेध करणाऱ्यास जे विशेषण लाविले आहे, ते ‘अंध’ अथवा ‘बधिर’ असे नसून ‘अप्रमत्त’ असे आहे. अप्रमत्त म्हणजे सावध, ज्याच्याकडून हयगय होत नाही असा. शिवाय ते लक्ष्य तरी कसे आहे? त्याच खंडाच्या शेवटी ऋषी सांगतात की, ते ब्रह्म पुढे आहे, मागे आहे, उजवीकडे आहे, डावीकडे आहे. पक्ष्याच्या मस्तकावर नेम धरावयाचा तर भोवतालचे सर्व वगळावे लागते. पण जे लक्ष्य चारी दिशांस आहे, त्याच्यावर नेम धरणाऱ्याने काय वगळावे? खांबाशी बसलेल्या त्या बाईही त्याच लक्ष्यात होत्या. आमचा बाण लक्ष्याकडे गेला असे आम्हांस वाटले. वस्तुतः तो आमच्याच गोडीत रुतून बसला होता.

गीतेच्या सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, अशी तक्रार करणारा दुसरा कोणी नसून हाच अर्जुन आहे, ही गोष्ट आम्हांस धीर देते. भगवंतांनी त्याला उपाय सांगितले ते दोन: अभ्यास आणि वैराग्य. दोरी ओढण्याचे बळ अभ्यासाने येते. ओढलेली दोरी शांतपणे परत नेण्याचे बळ वैराग्याने. आपण मुलांना पहिले शिकवितो आणि दुसरे विसरतो. परीक्षेतील गुणांवर डोळा ठेव, इकडेतिकडे पाहू नको, असे त्यांना रात्रंदिवस सांगतो; आणि मग आजी दोनदा हाक मारते तरी नातू पुस्तकातून मान वर करीत नाही, याचे आपणांस दुःख होते.

म्हणून पक्ष्याची कथा सोडून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. ती सांगावी, पण तेथे थांबू नये. गंगेतील ग्राहाची आणि परत घेतलेल्या अस्त्राची कथा तिला जोडून सांगावी. पठणास बसावे ते चित्त गोळा करूनच बसावे. पण शेजारचा कण्हला तर माळ मेरूपाशी पोहोचण्याची वाट न पाहता खाली ठेवावी. देव ती मोजणी अपुरी धरणार नाही.

तो मुलगा हल्लीही पुढल्या रांगेत बसतो आणि हल्लीही मागे वळून पाहतो. पठणाच्या वेळी चित्त कसे आवरावे हे त्याला आमच्याकडून शिकावयाचे आहे, आणि ते आम्ही शिकवूच. मात्र डोळे वटारण्याचे आम्ही सोडून दिले आहे. कारण केव्हा मान वळवावी, हे आम्हांस त्याच्याकडून शिकावयाचे उरले आहे.