चित्रातला घोडा आणि माँट्रियलची घंटा

‘सगळं ठरलेलं असतं रे ते,’ हा अमेरिकी प्रो रेसलिंगवरचा आपल्याकडचा पहिला अभिप्राय आणि बहुधा शेवटचाही. नव्वदच्या दशकात केबलबरोबर डब्ल्यूडब्ल्यूएफ मराठी घरांत शिरले, पोरांच्या हातात पैलवानांची ट्रम्प कार्डे आली, आणि मोठ्यांनी हे वाक्य टाकून विषय मिटवला. खासबागेच्या मातीतली कुस्ती ज्यांनी पाहिली त्यांना नुरा कुस्तीचा तिटकारा असणारच. पण नुरा कुस्ती वाईट का? तिकीट खऱ्या झुंजीचे विकलेले असते आणि दाखवली जाते ती मिलीभगत, म्हणून. प्रो रेसलिंगवाल्यांनी ही बाब पुष्कळ आधीच उघड केली होती. डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक व्हिन्स मॅकमहन याच्या कंपनीने १९८९ साली न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे सांगून टाकले की आमचे प्रयोग म्हणजे स्पर्धा नव्हेत, करमणूक आहे. हेतू काही सत्यनिष्ठेचा नव्हता. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर टाळायचे होते. तरी कबुली ती कबुलीच. तेव्हा निकाल ठरलेला आहे एवढ्यावरून प्रेक्षक फसला असे म्हणता येत नाही. मला म्हणायचे आहे ते याहून थोडे पुढचे: १९९६ ते १९९९ या काळात या धंद्यात फसवणूक झाली, मोठी झाली, पण ती खोट्याच्या मार्गाने आली नाही. ती आत शिरली ती खऱ्याचे सोंग घेऊन.

नवव्या शतकातल्या काश्मिरात शंकुक नावाचा एक रसमीमांसक होऊन गेला. त्याचा ग्रंथ हरवला. अभिनवगुप्ताने खंडनासाठी त्याचे मत मांडले म्हणून ते आपल्याला ठाऊक. रंगमंचावरच्या नटाला पाहून प्रेक्षकाला ‘हा राम’ असे वाटते ते कोणत्या प्रकारचे ज्ञान, असा शंकुकाचा प्रश्न होता. ते यथार्थ नाही, कारण नट राम नव्हे. भ्रमही नाही, कारण भ्रम पुढे बाधित होतो आणि माणूस खजील होतो. नाटक सुटल्यावर कोणी खजील होत नाही. संशय नाही, आणि ‘रामासारखा कोणी’ असे साम्यज्ञानही नाही. चित्रातला घोडा पाहून आपण ‘घोडा’ म्हणतो तसे हे पाचवेच काही आहे. अभिनवगुप्ताच्या गुरूंनी, भट्ट तौतांनी, या मताची चिरफाड केली आणि रस म्हणजे अनुमान नव्हे हा त्यांचा आक्षेप मला पटतो. पण शंकुकाने जी जागा मोकळी करून ठेवली ती कोणालाच पुन्हा बुजवता आली नाही. खरे आणि खोटे यांच्या पलीकडे मान्य केलेल्या भासाचे एक क्षेत्र आहे आणि त्यात शिरणारा माणूस मूर्ख ठरत नाही. फ्रेंच लेखक रोलाँ बार्त याने १९५७ सालच्या आपल्या पुस्तकाची सुरुवातच कुस्तीवरच्या लेखाने केली. झुंज ठरलेली आहे की नाही याची प्रेक्षकाला फिकीरच नसते, हे त्याने तिथे सांगितले. कोकणातल्या दशावतारात संकासुर हरणार हे लहान पोरालाही माहीत असते. कथा ठरलेली, संवाद उभ्याउभ्या रचलेले, आणि तरी रात्र जागवली जाते. अमेरिकी रिंगणाचा कारभार नेमका असाच चालतो. शेवट ठरलेला, मधला बराचसा भाग दोन देह एकमेकांना ऐकत रचत जातात.

या पद्धतीचे सर्वांत उंच शिखर माझ्या मते २३ मार्च १९९७ ची रेसलमेनिया, शिकागोजवळच्या रोझमाँटमधली ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन यांची लढत. रिंगणात आले तेव्हा हार्ट नायक होता आणि ऑस्टिन खलनायक. संपले तेव्हा उलट झाले होते. हार्टने शार्पशूटर हा आपला पेच घातला. ऑस्टिनचा चेहरा रक्ताने भरला, पण त्याने हार मानली नाही, तो बेशुद्ध पडला आणि पंच केन शॅमरॉकने लढत थांबवली. त्यानंतरही हार्ट त्याला मारत राहिला. जिंकलेला माणूस क्षुद्र दिसला, हरलेला ताठ. लोकांनी ऑस्टिनला डोक्यावर घेतले. कोणाही भाष्यकाराने न सांगता काही हजार माणसांचा नैतिक निवाडा वीस-पंचवीस मिनिटांत पालटला. विजय आणि योग्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गीतेवरच्या कैक व्याख्यानांत न पोचणारे सत्य तिथे नुसत्या देहांनी पोचवले. कोणी म्हणेल, रक्त तर खरे होते, मग भास कुठला? रक्त खरेच होते. ती चीर दोघांच्या संगनमताने दिलेली होती. पण ते रक्त कथेतल्या ऑस्टिनचे म्हणून वाचायचे होते आणि तसेच वाचले गेले. ऑस्टिन नावाच्या माणसाचे खरोखर काय होते आहे अशी काळजी करायला ते कोणाला भाग पाडत नव्हते.

हा भास उभा राहतो कशावर, ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिसले. ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट याने ऑस्टिनला उलटा धरून डोक्यावर आपटले आणि डाव चुकला. ऑस्टिनच्या मानेला गंभीर इजा झाली, हातपाय काही काळ हलेनात. ओवेनने पुढे काय केले? तो रिंगणात फिरत प्रेक्षकांना डिवचत राहिला, वेळ काढत राहिला, जेणेकरून समोरचा पुन्हा हलू लागेल. मग ऑस्टिनने कशीबशी त्याची गुंडाळी केली आणि ओवेन हरला, कारण हरायचे ठरले होते. वर वैर, खाली सांभाळणे. चूक ओवेनचीच होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण चुकीनंतरचे त्याचे वागणे या कलेचे नीतिशास्त्र सांगते. प्रत्येक डावात एक माणूस आपली मान दुसऱ्याच्या हाती देतो. खऱ्या कुस्तीत विश्वासाची गरज नसते, नियम पुरतात. या ‘खोट्या’ कुस्तीत विश्वासावाचून एक पाऊलही टाकता येत नाही.

आता माँट्रियल. ९ नोव्हेंबर १९९७, सर्व्हायव्हर सिरीज, ब्रेट हार्ट विरुद्ध शॉन मायकेल्स. हार्ट कंपनी सोडून प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूकडे चालला होता, विजेतेपद त्याच्याकडे होते, आणि आपल्या देशात, कॅनडात, मायकेल्सकडून हरायला तो तयार नव्हता. वेगळा शेवट ठरला. त्या ठरलेल्या ओघात मायकेल्सने हार्टला हार्टचाच शार्पशूटर घातला. हार्टने तो घालू दिला, कारण त्यातून सुटायचे ठरले होते. तेवढ्यात रिंगणाशेजारी उभ्या मॅकमहनने घंटा वाजवायला लावली, पंच अर्ल हेब्नर झटपट निघून गेला, आणि हार मानलीच नसताना हार्ट हरला. हार्ट मालकाच्या तोंडावर थुंकला. त्या रात्रीला पुष्कळ चाहते आजही पूजतात. ‘तेवढे एकच खरे होते,’ असे म्हणतात. मला हे कौतुक उलटे वाटते. हार्टला पेचात आणता आले ते मायकेल्सच्या बळाने नव्हे, हार्टच्या भरवशाने. भास उभा करणारे सहकार्यच त्याच्यावर उलटवले. मॅकमहनच्या बाजूने बोलणारेही आहेत आणि त्यांचा मुद्दा पोकळ नाही: डिसेंबर १९९५ मध्ये याच कंपनीची महिला विजेती पट्टा घेऊन डब्ल्यूसीडब्ल्यूत गेली आणि तिने तो टीव्हीवर कचऱ्याच्या डब्यात टाकला. मालकाला भीती वाटणे साहजिक होते. पण भीतीने करार मोडता येतो एवढेच त्यातून सिद्ध होते, मोडणे योग्य होते हे नव्हे. पट्टा मालकाचा होता. मान हार्टची होती.

पुढे जे झाले ते अधिक महत्त्वाचे. या विश्वासघाताचा काही आठवड्यांतच माल बनला. मॅकमहन टीव्हीवरचा दुष्ट मालक झाला, ऑस्टिनशी त्याचे वैर जुंपले आणि कंपनीची भरभराट झाली. पाया आधीच घातला गेला होता: नोव्हेंबर १९९६ मध्ये ब्रायन पिलमन या पैलवानाच्या घरात घुसखोरी आणि पिस्तूल असा प्रसंग दाखवून मध्येच प्रक्षेपण तुटल्याचे नाटक झाले. धंद्याच्या बोलीत केफेब म्हणजे भास अखंड राखणे. या नव्या चालीत केफेब मोडल्याचेच केफेब केले गेले. ‘हे नाटक नाही हं’ हे वाक्यही संहितेत गेले. प्रेक्षक शंकुकाच्या पाचव्या जागेतून उठला आणि शंकुकाने टाळलेल्या तिसऱ्या जागेत, संशयात, जाऊन बसला. आपण चतुर झालो असे मात्र त्याला वाटत राहिले.

संशयाला पुरावा लागतो, आणि रिंगणात पुरावा देता येतो तो देहाचाच. २८ जून १९९८ ला पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरने मिक फोलीला रिंगणाभोवतीच्या पिंजऱ्याच्या छतावरून, सुमारे सोळा फुटांवरून, खाली टेबलावर फेकले. हे ठरलेले होते. फोली पुन्हा वर चढला, आणि त्याला आपटल्यावर छताची जाळी खचून तो आत कोसळला. हे ठरलेले नव्हते. जानेवारी १९९९ मध्ये त्याचे हात पाठीमागे बेड्यांत अडकवून रॉक या पैलवानाने त्याच्या डोक्यावर ठरल्यापेक्षा जास्त वेळा लोखंडी खुर्ची हाणली. फोलीची बायको आणि मुले पुढच्या रांगेत रडत होती. ‘बियाँड द मॅट’ या माहितीपटात ते चित्रित झाले आहे. फोली स्वखुशीने करत होता, मग इतरांना काय, असा आक्षेप येतो. त्याच्या संमतीने त्याचा हक्क सिद्ध होतो. आपल्या आस्वादाचे काय? भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी साधारणीकरण म्हटले ते हेच की शोक कोणा एकाचा उरत नाही म्हणूनच त्याचा करुणरस होतो. ही कवटी या माणसाची, ही मुले त्याची, हे कळले की रस संपला. उरते ती हळहळ किंवा क्रौर्य. युद्ध, वध अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत असा दंडक नाट्यशास्त्रात आहे. तो सोवळेपणापोटी घातला असे मला वाटत नाही. सर्कशीतल्या झोक्यालाही धोका असतो हे खरे, पण तिथे धोका हाच जाहीर विषय असतो. इथे दुखणे एकाच वेळी खरे म्हणून आणि खोटे म्हणून विकले जात होते.

२३ मे १९९९ च्या रात्री कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट, एका विनोदी महानायकाच्या वेषात, छतावरून दोराने उतरत असताना कडी सुटली आणि तो अठ्ठ्याहत्तर फुटांवरून पडला. तो वाचला नाही. भाष्यकार जिम रॉस घरच्या प्रेक्षकांना परोपरीने सांगत होता की हा कथेचा भाग नाही, हे खरे आहे. बिचाऱ्याजवळ शब्द कुठले उरले होते? तेच शब्द दोन-अडीच वर्षे कथेत खर्च झाले होते. सभागृहातल्या अनेकांना तो प्रकार नाटकच वाटला. त्यांना कोणी काही सांगितले नाही, आणि थोड्या वेळाने पुढची लढत सुरू झाली. अपघात दोरामुळे झाला, कथानकामुळे नाही, हे मान्य. पण समोर माणूस मरत असताना हजारो लोकांना ते कळू नये, आणि कळवणाऱ्यावर विश्वास बसू नये, ही अवस्था दोराने आणली नव्हती.

लोकांनाच ते हवे होते, टीआरपी तेच सांगत होता, हा शेवटचा युक्तिवाद. लोकांना ते हवे होते यात शंका नाही. पण रोझमाँटच्या त्या रात्रीही लोक उठून उभे राहिले होते, आणि तिथे कोणाच्या भरवशाचा गळा घोटावा लागला नव्हता. खऱ्या इजेवाचून हा खेळ मिळमिळीत होतो असे ज्यांना वाटते त्यांनी ती लढत पुन्हा पाहावी. ओवेनच्या कुटुंबाने कंपनीवर दावा लावला; २००० साली १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. डोक्यावर खुर्ची मारण्याला कंपनीने बंदी घातली ती २०१० साली.