वयाची पहिली नोंद

बाल न्याय कायद्याने मुलाला दिलेले संरक्षण वयाच्या एका आकड्यावर उभे असते, आणि तो आकडा सर्वप्रथम कोण आणि कशाच्या आधारे लिहितो, या प्रश्नाकडे कायद्याच्या चर्चेत फारसे लक्ष जात नाही. नागपुरात महाल परिसरात १७ मार्च २०२५ रोजी उसळलेल्या दंगलीनंतर पोलिसांनी ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलेही होती. अशा मुलाला, म्हणजे कायद्याच्या परिभाषेत ‘विधिसंघर्षग्रस्त बालका’ला, २०१५ च्या कायद्यानुसार पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही, एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते मिळून झालेल्या बाल न्याय मंडळापुढे त्याला चोवीस तासांच्या आत हजर करावे लागते, आणि त्याची ओळख प्रसिद्ध करणे हाही गुन्हा असतो. मात्र रात्रीच्या धरपकडीत मिसरूड फुटलेला सतरा वर्षांचा मुलगा आणि एकोणीस वर्षांचा तरुण यांच्यातला फरक सांगणारा शाळेचा दाखला कोणी खिशात बाळगत नाही, त्यामुळे पहिली नोंद अंदाजानेच होण्याचा संभव असतो.

हा अंदाज चुकला की काय घडते, याचा पुरावा नागपूरच्याच मध्यवर्ती कारागृहात होता. पुण्यात १९९४ साली झालेल्या सात जणांच्या हत्याकांडात सज्ञान समजून फाशी सुनावलेल्या एका कैद्याची शिक्षा २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली होती. पुढे राजस्थानातील शाळेच्या नोंदींवरून घटनेच्या वेळी तो अवघ्या साडेबारा वर्षांचा असल्याचे सिद्ध झाले आणि २७ मार्च २०२३ रोजी त्याच न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला. (त्याचे नाव येथे न देण्याचे कारण वर सांगितलेल्या तरतुदीतच आहे.) त्या वयाच्या मुलाला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते, त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला. अल्पवयाचा दावा खटला संपल्यावरही करता येतो, ही तरतूद उदार खरी, परंतु उशिरा मिळालेल्या संरक्षणातून गेलेली वर्षे वजा होत नाहीत.

कलम ९४ प्रमाणे वय ठरवताना आधी शाळेचा दाखला, तो नसल्यास महापालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, असा क्रम आहे. या तपासणीत वर्षा-दोन वर्षांची चूक संभवते, आणि सोळा ते अठरा या वयोगटात तेवढी चूकही निर्णायक ठरते, कारण ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, त्यात या वयाच्या मुलाच्या आकलनाची प्राथमिक पाहणी करून मंडळ त्याला बाल न्यायालयाकडे पाठवू शकते आणि तेथे त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो.

अठरा पूर्ण होताच मात्र हा सगळा आधार एका दिवसात सुटतो. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार एकवीस वर्षांखालील गुन्हेगाराला कैद देण्याआधी न्यायालयाला कारणे नोंदवावी लागतात, पण जन्मठेपेस पात्र गुन्ह्यांना हा नियम लागू नाही. म्हणजे एकोणीस वर्षांच्या तरुणाला तो सौम्य गुन्ह्यांत उपयोगी पडतो आणि जेथे शिक्षा सर्वात मोठी, तेथे पडत नाही.