पाहणाऱ्यावर काही ऋण आहे काय?



गेल्या आश्विनात मुलांना दिवाळीची सुट्टी लागताच आम्ही सहकुटुंब अंधेरीहून मोटारीने निघालो व कोकणच्या किनाऱ्याने श्रीवर्धनपर्यंत जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहावे असा माझा हेतू नाही. वाटेत एक प्रश्न उभा राहिला, तो तुमच्यापुढे ठेवावयाचा आहे; कारण त्याचे उत्तर देण्याचा अधिकार आम्हां शहरवासीयांपेक्षा तुम्हांस अधिक आहे. तुमच्या शेताच्या बांधाशीही कधी अशी मोटार थांबली असेल.

१२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू ओलांडला म्हणजे मुंबई मागे पडते. मग पेण, वडखळ, अलिबाग करीत रेवदंड्याची खाडी ओलांडली की, रस्ता समुद्राची संगत धरतो. एका अंगास पिवळी पडलेली भातशेते, दुसऱ्या अंगास सुरूची बने, आणि त्यांच्या आडून चमकणारे पाणी. काशीदजवळ तर मुले बोलेनाशी झाली, जे आमच्या घरी क्वचितच घडते.

मुरूडच्या अलीकडे एका कोळीवाड्याशी आम्ही थांबलो. तेथे वलांडीवर बोंबील वाळत होते. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते ओळीने टांगलेले, खाली जमिनीवर जवळा पसरलेला, आणि पलीकडे समुद्र. धाकट्या कन्येने मोबाइलवर फोटो घेतला. इतक्यात पूर्वेकडून ढग चढले. अर्धवट वाळलेल्या मासळीवर पाऊस पडला म्हणजे काय होते, हे तुम्हांस मी सांगावे असे नाही. एक वृद्ध बाई एकटीच जवळा गोळा करू लागली. तिने मुलीस हाक मारली, "बाय, फोटो मग काढ, आधी हात लाव गं." मुलगी पुढे सरसावली. मी घड्याळ पाहिले. आगरदांड्याहून दिघीस जाणारी फेरीबोट गाठावयाची होती. "मावशी, आम्हांला उशीर होतोय," असे म्हणून मी मुलीस मोटारीत बसविले. धक्क्यावर पोहोचतो तोच पाऊस आला. बोट सुटावयास अद्याप बराच अवकाश होता.

मुलीने विचारले, "बाबा, फोटो तर आपण घेतला. मग थांबलो का नाही?"

पाहिल्याने कोणाचे काही उणे होत नाही, हे एक उत्तर आहे. हजारांनी समुद्र पाहिला तरी त्याचे पाणी घोटभरही कमी होत नाही. समुद्राविषयी हे खरेच आहे. पण आम्ही पाहिलेल्या दृश्याची निम्मी शोभा त्या बाईच्या हातांची होती. भातशेताचा पिवळा रंगदेखील आपोआप येत नाही. लावणीच्या चिखलात ज्याची पाठ वाकली त्यास ते ठाऊक असते.

प्रवासी पैसे मोजतो, तेव्हा फिटंफाट झाली, असे दुसरा कोणी म्हणेल. या उत्तरास मी तुच्छ लेखीत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर भागातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नवी पोफळ फळास यावयास पाच-सात वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालावे? आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्या बागाईतदारांनी स्पष्टच सांगितले की, बाग गेल्यावर पाहुण्यांच्या दोन खोल्यांनी आम्हांला तारले. तेव्हा पाहणाऱ्यांचे येणे हा निव्वळ उपद्रव नव्हे. परंतु त्या बाईने आमच्यापाशी पैसे मागितलेच नव्हते. तिने हात मागितले होते, तेही पाव तासापुरते.

ऋण असेल तर ते येथेच असावे, असे मला वाटते. ज्या माणसास आपण डोळे भरून पाहतो, त्याने हाक मारली तर ती ऐकण्यास आपण बांधले जातो. मी त्या बाईस चित्र समजलो होतो. म्हणूनच तिने तोंड उघडताच दचकलो.

परतताना मुद्दाम तेथे उतरलो. वलांड्या रिकाम्या होत्या. शेजारणीने सांगितले की, ती बाजारास गेली आहे. जवळ्याचे काय झाले हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

याहून लाजिरवाणी गोष्ट घरी आल्यावर ध्यानात आली. वेसाव्याचा कोळीवाडा आमच्या अंधेरीतच आहे. तेथेही वलांड्या आहेत, बोंबील तेच, समुद्रही तोच. त्या बाजूने रिक्षातून जाताना मी नाकास रुमाल लावीत आलो आहे, आणि मुलांनी ते पाहिले आहे. शंभर मैलांवर जे रमणीय, ते दाराशी दुर्गंधी कसे झाले? दुरून डोंगर साजरे, अशी आपली म्हण आहे, व डोंगर फसवितो असा तिचा अर्थ आपण करतो. पण डोंगराचा त्यात काय दोष? दूरच्या डोंगरावर मोळी उचलू लागण्यास आपणांस कोणी बोलावीत नाही, एवढेच. शेजाऱ्याची हाक मात्र रोज येऊ शकते, आणि त्या वेळी गाठावयास फेरीबोट नसते.

मागील शनिवारी कन्येस घेऊन वेसाव्यास गेलो व सुके बोंबील घेतले. विकणाऱ्या बाईने कोठे राहता म्हणून विचारले. मी पत्ता सांगितला, आणि अकरा वर्षे तेथेच आहोत हेही सांगितले.

"एवढ्या जवळ?" ती म्हणाली. "कधी दिसला नाहीत."