अमानत की हिबा?

परदेशी कायमचे जायचे ठरले की घरात दोन याद्या होतात. एक न्यायच्या वस्तूंची, दुसरी ठेवून जायच्या वस्तूंची. पहिली लवकर संपते. कागदपत्रे, औषधे, कुरआन शरीफ, चार भांडी, मसाल्याचे डबे. दुसरी यादी मात्र रोज बदलते, कारण तिच्यात प्रत्येक वस्तूपुढे एका माणसाचे नाव लिहावे लागते. शिलाई मशीन कुणाला, कपाट कुणाला, पुस्तके कुठल्या वाचनालयाला. आमच्या घरी ही यादी सुरू झाली तेव्हा तिच्यात एक वस्तू अशी होती, की ती कधी या कागदावर जायची, कधी त्या. ती म्हणजे अब्बांची फियाट.

फियाट म्हणायचे ते सवयीने. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी आहे, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात 1986 साली तयार झालेली. अब्बांनी 1994 साली ती सेकंडहँड घेतली. तिचा नंबर एमएच-15 ही मालिका सुरू होण्याच्या आधीचा. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढचे आसन बाकासारखे सलग, थंडीत चोक ओढल्याशिवाय हलणार नाही. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यापासून दर पाच वर्षांनी तिला पेठ रोडवरच्या आरटीओत नेऊन नोंदणीचे नूतनीकरण करून आणावे लागते. हयात असतानाच अब्बांनी ती आमच्या नावावर केली आणि त्यानंतरही किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवली.

आखातात जाणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असते. आपल्याकडची उजव्या स्टिअरिंगची गाडी सौदी अरबस्तानात किंवा अमिरातीत नोंदवूनच घेत नाहीत. सौदीत तर पाच वर्षांहून जुनी मोटार आणायलाही बंदी आहे. कायदाच नाही म्हणतो, माणूस सुटतो. आमचा विषय इंग्लंडचा होता. 2023 साली तिथल्या सरकारने भारतातल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना तिथली पात्रता मिळवण्याची वाट खुली केली आणि त्या वाटेची चर्चा आमच्याही घरात शिरली. इंग्लंडात गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. कायमचे राहायला येणाऱ्याने सहा महिने वापरलेली स्वतःची गाडी आणली, तर अटी पाळून आयात करातून सूट मिळते. आणि चाळीस वर्षे उलटलेल्या मोटारीला तिथे ऐतिहासिक वाहन मानून रस्ताकर माफ करतात. म्हणजे जी गाडी इथे भंगाराच्या वयाची, ती तिथे मानकरी. कायद्याने दार उघडे ठेवले की पंचाईत होते, ती अशी.

बरे, दीनच्या बाजूने पाहावे तर तिथेही दार उघडेच. वापरातल्या सवारीवर जकात नाही. ती नेणे फर्ज नाही, हराम नाही, मकरूहही म्हणता येणार नाही. अशा गोष्टींना मुबाह म्हणतात. केली तर सवाब नाही, सोडली तर गुनाह नाही. मुबाह हा शब्द आपण ऐकतो आणि निश्चिंत होतो. आम्हाला मात्र वाटते की माणूस खरा एकटा पडतो तो इथेच. हराम-हलालचा निवाडा मुफ्तीसाहेब देतील. मुबाहच्या मैदानात ते आपल्याला सोडून देतात, आणि आयुष्याचा बहुतेक भाग तर याच मैदानात जातो.

खर्चाचे बोलायचे तर, न्हावाशेवा बंदरातून कंटेनरने गाडी पाठवण्याचा जो आकडा एजंटाने तोंडी सांगितला तो तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाच्या वर्षभराच्या मानधनाहून मोठा होता. फिजूलखर्ची म्हणून विषय इथेच संपवता आला असता. पण आपल्याकडे वलीम्याच्या एका रात्रीत त्याहून जास्त जातो आणि तो हिशेब कुणी मांडत नाही. तेव्हा प्रेमापोटी खर्च करायला निघालेल्या माणसालाच तेवढे इसराफ शिकवण्यात अर्थ नाही. खर्चाचा मुद्दा खोटा नाही, पण त्याच्या आडून खरा प्रश्न टाळता येतो. आम्हाला तो टाळायचा नव्हता.

खरा प्रश्न असा, की आपण नेणार ते नेमके काय?

हिजरतचा प्रसंग आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. हजरत अबू बक्र रजि. यांनी दोन उंटिणी चार महिने पाला घालून पोसून तयार ठेवल्या होत्या. त्यातली एक त्यांनी आप सल्ल. यांच्यापुढे केली, तेव्हा आपण तिची किंमत देऊनच ती घेतली. सीरतकार सांगतात की हीच ती कसवा. मदिन्यात ती जिथे बसली तिथे मशीद उभी राहिली. दुसऱ्या बाजूला हजरत सुहैब रूमी रजि. यांनी कुरैशांनी वाट अडवल्यावर सगळी मालमत्ता त्यांच्या हवाली केली आणि ते मोकळ्या हातांनी निघाले. मक्केतल्या घरांचे काय झाले तेही आपल्याला ठाऊक आहे. विजयानंतर आप सल्ल. मक्केत आले तेव्हा आपल्या जुन्या घरी उतरणार का, असे विचारले गेले, तर अकीलने घर शिल्लक ठेवलेच कुठे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. म्हणजे त्या एका हिजरतमध्ये घर मागे राहिले, माल गेला, सवारी मात्र बरोबर आली. यावरून कुणी गाडी नेण्याचा दाखला काढील. आम्हीही एका रात्री काढून पाहिला. पण तो बसत नाही. कसवा आठवण म्हणून नेली नव्हती. तिच्यावर बसून जायचे होते.

इथे कुवेतची गोष्ट आठवते. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी मुस्लिम घरांतले कमावते पुरुष तिथे होते. बसने, ट्रकने, कुणी स्वतःच्या मोटारीने, इराकमधून जॉर्डनला पोहोचले आणि अम्मानहून विमानाने मुंबईला आले. एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय त्या दोन-अडीच महिन्यांत परत आणले गेले. मोटारी तिकडेच राहिल्या. पुढे 1991 साली संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाई आयोग नेमला. त्याच्या हिशेबात देश सोडून पळावे लागले याबद्दल सर्वांना एकच ठरीव रक्कम होती: एकट्या माणसाला 2,500 डॉलर, कुटुंबाला 5,000. दुसरा कुठलाही दावा करणार नसाल तर थोडी जास्त. मोटारीची भरपाई मात्र तक्ता लावून, कुठले मॉडेल, कुठल्या सालचे, असे पाहून ठरे. आयोगाने चुकीचे केले असे आम्हाला म्हणायचे नाही, दुसरे काय करता आले असते? ज्याचे मोल होत नाही त्याला सरसकट आकडा लावतात आणि ज्याचे होते त्याचा तक्ता असतो. आम्ही आमच्या फियाटला तक्त्यातली समजत होतो की सरसकटमधली, हेच आधी ठरवायला हवे होते.

मग आम्ही एक गंमत केली. गाडी इंग्लंडात उतरली असे धरून, ती उतरताना तिच्यावरून काय काय उतरते याचा हिशेब मांडला. पहिल्यांदा नंबर उतरतो. तिथला नंबर लावल्याशिवाय ती रस्त्यावर येत नाही. मग माती. ऑस्ट्रेलियाला गाडी न्यायची तर चाकांच्या आतली माती, बिया, वाळका पाला सगळे धुऊन काढल्याशिवाय बंदराबाहेर सोडत नाहीत. इंग्लंडात तितकी कडक झडती नसेल, पण आपल्याच भल्यासाठी धुवावे लागेल, कारण हिवाळ्यात तिथल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि जुना पत्रा मिठाने सडतो. मग उतरतो तिचा मिस्त्री. सारडा सर्कलच्या आसपासच्या एका गॅरेजात तिच्या इंजिनाचा आवाज ऐकून बॉनेट न उघडता रोग सांगणारे उस्ताद आहेत. ते कंटेनरमध्ये बसत नाहीत. कसारा घाटात ती तापते तेव्हा पाण्याचा कॅन घेऊन उतरण्याची जी जागा ठरलेली आहे, ती बसत नाही. जुन्या नाशिकच्या ज्या गल्लीत ती उभी असते तिथे रात्री-अपरात्री कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, कुणाच्या छातीत दुखले, की दार आमचे वाजे. अब्बा कुणाचे नाव-गाव न विचारता निघत. त्या बाकासारख्या आसनावर सिव्हिलला गेलेली माणसे मोहल्ल्यात मोजायला घेतली तर संध्याकाळ होईल. त्यांतल्या एकालाही इंग्लंडात या गाडीची गरज नाही.

हे सगळे उतरवल्यावर बंदरावर जे राहते तो पत्रा. तिथे तिला ताडपत्रीखाली ठेवावे लागेल, रविवारी काढून पुसावे लागेल. सवारीची तसबीर होईल. आमचे प्रेम खोटे होते असे यातून निघत नाही. पण ते ज्या गोष्टींवर होते त्या गाडीच्या बाहेर होत्या, आणि गाडी त्यांच्यात राहिली तरच तिच्यात काही होते. नेण्यात आम्ही तिला वाचवत नव्हतो. परक्या गावात कुणी ओळखणार नाही तेव्हा दारात एक ओळखीचे काहीतरी उभे असावे, ही आमची भीती होती, आणि तिचे भाडे आम्ही गाडीकडून वसूल करणार होतो.

गाडी इथेच ठेवायची, धाकट्या भावाकडे, असे ठरले. पेच सुटला असे वाटले. भावाने एकच प्रश्न विचारला, ''भाईजान, साफ बोलिए. ये अमानत है या हिबा?''

प्रश्न कायद्याचा होता आणि आम्हाला तो नको होता. अमानत म्हणजे मालक आम्हीच. तो सांभाळणार, बॅटरी उतरू नये म्हणून सुरू करून ठेवणार, आणि आम्ही दोन वर्षांनी येऊन ओरखडे मोजणार. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगडच्या बाजूला गेलात तर अशा अमानती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात. आखातातल्या पैशांतून बांधलेली, कुलूप लावलेली घरे, आणि चुलतभावाकडे किल्ली. तो बिचारा दर पावसाळ्याआधी कौले पाहून येतो आणि एक खोलीही वापरू शकत नाही. हिबाचे तसे नाही. देणाऱ्याने देतो म्हणायचे, घेणाऱ्याने घेतले म्हणायचे, आणि ताबा द्यायचा. नुसते तोंडाने देऊन किल्ली खिशात ठेवली तर ते पुरे होत नाही. दिलेली भेट परत मागणाऱ्याबद्दल हदीसमध्ये फार कठोर उपमा आली आहे, ती इथे लिहीत नाही, वाचकांना माहीत आहे.

चार दिवस आम्ही उत्तर दिले नाही. अमानत म्हणण्यात प्रेम जास्त दिसते, पण त्या प्रेमाचे ओझे वाहायचे भावाने. इंग्लंडला न्यायची तर निदान खर्च तरी आमचा होता. अमानत म्हणून ठेवणे म्हणजे समुद्रापार बसून फुकटात मालकी करणे. आणि अर्ध्या रात्री दार वाजले तर मालकाला फोन लावून विचारणार का, की गाडी काढू?

फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. किल्ली दिली, दुसरी किल्लीही दिली. भावाला आता गाडीचा रंग बदलायचा आहे, पांढरा म्हाताऱ्यांचा वाटतो म्हणतो. हिबा केल्यावर रंगाबद्दल बोलायचा हक आमच्याकडे उरत नाही, हे कबूल. तरीही आम्ही एकदा त्याला सांगून पाहिले, की पांढराच राहू दे. तो लाल करणार आहे.