कागदावरचं दुसरं नाव

सकाळी शाळेची वेळ झाली की मंद्रूपच्या रस्त्यावर पोरं कुणाकुणाचं बोट धरून निघतात. कुणाला आजी सोडायला येते, कुणाला चुलता, कुणाला आत्या. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं आजीआजोबांच्या जिवावर शिकतात. भावाच्या घरात पाळणा हलला नाही म्हणून आपलं मूल त्याच्या ओटीत घालणारी माणसंही आपल्याकडे नवलाची नाहीत. जो घास भरवतो, तापात रात्रभर उशाशी बसतो, तो आईबापच, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मग दोन बायका किंवा दोन पुरुष जोडीदार म्हणून संसार करतात आणि एखादं लेकरू वाढवतात, तेव्हा आपलीच ही जाण कुठे जाते?

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मात्र लग्नाचा हक्क मिळाला नाही, आणि जोडीने दत्तक घेण्याचा हक्कही तीन विरुद्ध दोन मतांनी हुकला. केंद्राच्या दत्तक नियमावलीत जोडप्याला निदान दोन वर्षांचा स्थिर वैवाहिक संसार दाखवावा लागतो. म्हणून दोघांपैकी एकानेच, एकटं म्हणून, अर्ज करायचा. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी दत्तक घेता येते. एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. त्यातही 2022 च्या एका परिपत्रकाने लग्नाशिवाय जोडीदारासोबत राहणाऱ्यांचे अर्ज अडवले. म्हणजे मूल हवं असेल तर जोडीदार लपवा.

बाकीच्या वाटाही अशाच. 2021 च्या कायद्याप्रमाणे एकट्या बाईला दात्याच्या वीर्यापासून उपचार घेऊन आई होता येतं, पण तिच्या जोडीदारणीला त्या कागदांवर जागा नाही. सरोगसी तर या जोडप्यांना पूर्णच बंद. 2024 पासून 35 ते 60 वयाच्या अविवाहित माणसालाही निराधार मुलाचं प्रतिपालकत्व (फॉस्टर केअर) घेता येतं आणि दोन वर्षांनी त्याच मुलाला दत्तक घेता येतं. वाट चांगली आहे, पण तिथेही नाव एकाचंच.

याचा अर्थ रोजच्या जगण्यात काय होतो? समजा, अशा घरातल्या लेकराला मध्यरात्री सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. कागदावरची आई परगावी आहे. कोणत्या औषधाने पोराच्या अंगावर पुरळ उठतं, ते मागच्या वेळी कोणत्या डॉक्टरांनी बंद केलं, हे सोबत आलेल्या तिच्या जोडीदारणीला तोंडपाठ आहे. मात्र संमतीपत्रावर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यापाशी तिचा पेन थांबतो. तिथे ती ‘मावशी’ लिहिते. उद्या कागदावरच्या आईचं बरंवाईट झालं, तर लेकरावर दावा सांगायला तिचे नातेवाईक पुढे येऊ शकतात. मृत्युपत्रात पालक म्हणून जोडीदारणीचं नाव लिहून ठेवता येतं, आणि अशा प्रत्येक घराने ते लिहून ठेवावंच. पण त्याने ती पालक होते, आई होत नाही. या जोडीदारणीच्या माघारी वारस म्हणून त्या लेकराला आपोआप काही मिळत नाही.

लेकरू कुणाचं, हा प्रश्न आपल्या सोलापूर जिल्ह्याने फार पूर्वी सोडवला होता. विधवेला पुन्हा लग्न नाही आणि तिच्या पोटच्या पोराला जगण्याची सोय नाही, अशा काळात पंढरपुरात टाकून दिलेली तान्ही बाळं सापडत. तिथे न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांनी 1875 मध्ये त्यांच्यासाठी आश्रम काढला, प्रार्थना समाजाने तो चालवला. आजचा वा. बा. नवरंगे बालकाश्रम तो हाच. त्याआधी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं आणि तिथे जन्मलेल्या यशवंताला आपला मुलगा केलं. लोक काय म्हणतील हे त्यांनी नंतर पाहिलं. या जीवाला आत्ता काय हवं, हे आधी.

मुंबईत तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांनी आई गमावलेल्या मुलीला लेक म्हणून वाढवलं. 2017 मध्ये त्यांच्या मायलेकीच्या नात्यावरची जाहिरात पाहून देशभर लोकांचे डोळे भरून आले. ते अश्रू खरे होते. पण डोळे भरून येणं सोपं, सहीचा हक्क देणं अवघड. मुलांचं काय, या शंकेलाही उत्तर आहे. केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञ सुझन गोलॉम्बोक यांनी 1970 च्या दशकापासून समलिंगी पालकांच्या घरांतल्या मुलांचा अभ्यास केला आहे. त्यांचा निष्कर्ष साधा आहे: आईबाप बाई की पुरुष यापेक्षा घरात माया, विश्वास आणि स्थैर्य किती, यावर मुलाचं भलं ठरतं.

आणि कागद बदलता येतात. 1 मे 2024 पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आईचं नाव लावणं बंधनकारक झालं. पिढ्यान् पिढ्या जिचं नाव लेकराच्या नावात नव्हतं, तिला जागा मिळाली आणि बापाचा मान तसूभरही घटला नाही. त्याच वर्षी केंद्राने समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एक कुटुंब धरा असं राज्यांना कळवलं. धान्याच्या हिशेबात जे एक घर आहे, ते लेकराच्या जन्मदाखल्यावर दोन परकी माणसं कसं राहील?

कायदा संसदेने करायचा आहे आणि तो मागत राहायला हवं. तोवर आपल्या हाती जे आहे ते आजपासून करू. ‘यातली खरी आई कोण?’ हा प्रश्न लेकरासमोर कुणाला विचारू नये. पालकसभेचा निरोप शाळेने दोघांनाही द्यावा. घरच्यांनी दुसऱ्या माणसाला पाहुणा न मानता हक्काचं माणूस मानावं. दत्तकाचा आपला कायदा मुलाचं हित हीच कसोटी मानतो. रोज त्या कसोटीला उतरणाऱ्या माणसाचं नाव कागदावर नसेल, तर अन्याय त्या माणसावर होतोच, पण आधी होतो तो लेकरावर.