ऊह, बाध आणि विणकामाचा नमुना

कृती कशी करावी हे सांगणारे वाक्य बदलले, तर होणारी कृती तीच राहते की दुसरी होते, या प्रश्नाचा भारतात अत्यंत बारकाईने विचार केला तो पूर्वमीमांसेने, म्हणजे वेदातील आज्ञावाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राने. हा विचार यज्ञासाठी झाला असला, तरी रोजच्या वापरातील वस्तूचा विणकामाचा नमुना सुधारू पाहणाऱ्या व्यक्तीसमोर नेमका हाच प्रश्न उभा राहतो, कारण नमुना हाही ओळीओळीने सांगितलेला विधीच असतो.

ज्या यागाची सर्व अंगे सविस्तर सांगितलेली असतात त्याला मीमांसक ‘प्रकृती’ म्हणतात, आणि जो याग तिच्या आधाराने, थोड्या फरकाने करायचा असतो त्याला ‘विकृती’ म्हणतात. दर्शपूर्णमास, म्हणजे अमावास्येला आणि पौर्णिमेला करायचा याग, ही सर्व इष्टींची, म्हणजे धान्यादी हवी देऊन करायच्या छोट्या यागांची, प्रकृती होय. प्रकृतीतील अंगे विकृतीत नेताना कोठे शब्द बदलावा लागतो, तर कोठे अंगच गळते. अग्नीऐवजी सूर्याला चरू, म्हणजे शिजवलेल्या धान्याचा हवी, द्यायचा असेल, तर मंत्रातील ‘अग्नये’ या पदाच्या जागी ‘सूर्याय’ म्हटले जाते. या बदलाला ‘ऊह’ म्हणतात आणि जैमिनींच्या मीमांसासूत्रांचा ९ वा अध्याय त्याला वाहिलेला आहे. १० व्या अध्यायाचा विषय ‘बाध’, म्हणजे प्रयोजन उरले नाही म्हणून अंग सोडून देणे. भाताऐवजी सोन्याचे कण शिजवायचे असतील तेव्हा कांडण्याची क्रिया करायची नसते, कारण सोन्याला कोंडा नसतो.

आता अमेरिका आणि कॅनडा या देशांतील घरांत परंपरेने चालत आलेला, ‘आजीचा आवडता’ अशा अर्थाच्या नावाने ओळखला जाणारा, भांडी पुसण्याच्या सुती फडक्याचा नमुना पाहावा. सुईवर ४ टाके घालून कोपऱ्यापासून सुरुवात होते. प्रत्येक ओळीत २ टाके विणून सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा आणि उरलेली ओळ सुलट विणायची, त्यामुळे दर ओळीला एक टाका वाढतो आणि वेढ्याच्या जागी एक भोक पडते. सुमारे ४४ टाके झाले की उतार सुरू होतो: १ टाका विणून २ टाके एकत्र, मग वेढा, पुन्हा २ टाके एकत्र, आणि पुढे सुलट. दोन्ही बाजूंनी सुलट विणलेल्या कापडात दोन ओळींची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीइतकी भरते, म्हणून ओळीला एक टाका या गतीने वाढणारा कोपरा आपोआप काटकोनाचा होतो. तेच कापड एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे विणले, तर चौकोन पतंगासारखा लांबट होतो आणि कडा वळतात.

हाच नमुना गरम भांडे धरण्याच्या जाड चौकोनासाठी वापरायचा ठरवला, तर दोरा दुहेरी घ्यावा लागतो आणि भोके नकोशी होतात, कारण त्यांतून चटका हाताला लागतो. येथे वेढ्याचे काय करायचे हा कळीचा मुद्दा आहे. पहिल्या अर्ध्या भागात वेढा दोन कामे करतो, भोक पाडतो आणि टाका वाढवतो. भोक नको असले तरी वाढ हवीच, म्हणून तो नुसता गाळून चालत नाही, त्याच्या जागी एकाच टाक्यात पुढून आणि मागून विणून टाका वाढवावा लागतो. हा ऊह झाला. उतरत्या भागात मात्र वेढ्याने वाढलेला टाका लगेच भरून काढण्यासाठीच दुसऱ्यांदा २ टाके एकत्र केलेले असतात. तेथे वेढा आणि ती दुसरी जोडणी दोन्ही एकत्र गळतात, आणि हा बाध झाला. ज्याने केवळ वेढा गाळला आणि दुसरी जोडणी तशीच ठेवली, त्याचे दर ओळीला दोन टाके कमी होतात आणि चौकोन अर्ध्यातच बसतो. एकच क्रिया एका ठिकाणी बदलावी लागते आणि दुसऱ्या ठिकाणी सोडावी लागते, हे शब्दांकडे पाहून कधीच समजत नाही. ती क्रिया कशासाठी आहे हे शोधल्यावरच समजते, आणि मीमांसकांची खरी थोरवी त्यांनी हा शोध नियमबद्ध केला यात आहे.

तथापि हे साम्य पूर्ण नाही. वेदवाक्य अपौरुषेय, म्हणजे कोणाही कर्त्याने न रचलेले, मानले गेल्यामुळे त्यात चूक संभवतच नाही, आणि ऊह हा प्रसंगानुरूप फेरफार ठरतो, दुरुस्ती नव्हे. विणकामाचा नमुना माणसाने रचलेला असतो. त्यात टाक्यांची संख्या चुकू शकते, एखादी ओळ विनाकारण असू शकते, आणि या दोन्हींचा निकाल लावणारे प्रमाण म्हणजे विणून हातात आलेले, प्रसंगी उसवून पुन्हा विणलेले कापडच. म्हणूनच नमुना सुधारणाऱ्यावर याज्ञिकापेक्षा अधिक जबाबदारी येते. एका बाबतीत तरी त्याने मीमांसकांचे अनुकरण करावे: ऊह केलेल्या पदाला त्यांनी मंत्राचा दर्जा दिला नाही, मूळ पाठ आणि बदललेले पद यांतील भेद कायम ठेवला. बदललेली ओळही तशीच मूळ ओळीच्या शेजारी, कारणासह वेगळी लिहून ठेवावी.